पाऊण वाजायच्या आधी

थंडी सुरू झाली की लष्कर भागातल्या आमच्या घराच्या खिडक्या संध्याकाळी सहालाच बंद होतात, त्या थेट दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन उतरल्यावर उघडतात. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना हे सांगायला नको. गेल्या जानेवारीत अशाच एका रात्री आईने दूध तापत ठेवलं आणि ती देवघरात जाऊन बसली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅस येत राहिला. मला सर्दी झालेली. आईची ऐंशी उलटली आहे, तिला वास तसाही कमीच येतो. वरच्या भाडेकरू भाभी जिन्याने खाली आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अम्मा, गैस की बू आ रही है." मी धावत स्वयंपाकघरापाशी पोचले. आत अंधार होता. माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला, तो भाभींनी मनगटाला धरून मागे ओढला.

एवढंच झालं. रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि अर्धी रात्र आम्ही तिघी शाली गुंडाळून अंगणात बसलो. पण माझ्याच त्या हाताची मला अजून भीती वाटते.

पुढचा डिसेंबर आला तेव्हा बाड्यावरच्या बाजारात जाऊन गॅस डिटेक्टर आणला. खोक्यातला सूचनांचा कागद उलगडून बसले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. दोन डिसेंबर. मध्य प्रदेशात जन्म गेलेल्या माणसाला या तारखेला एकच गाव आठवतं. इथून झाशी, बीना, विदिशा ओलांडत गाडी जिथे पोचते, ते भोपाळ.

१९८४ साली तिथे झालेल्या वायुगळतीच्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी ती इथे तासातासाने पुन्हा मांडते आहे ती एकाच प्रश्नासाठी: वायू कुणाला कळला, कशाने कळला आणि कळल्यावर कोण हललं? कारखान्यातलं मिथाइल आयसोसायनेट हे विष, आपल्या सिलिंडरमधला गॅस ही जळणारी वस्तू. दोन्हींची बरोबरी नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा प्रश्न दोन्हींना लागू पडतो.

आधीचे महिने

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात मिथाइल आयसोसायनेट या द्रवाच्या तीन टाक्या जमिनीत अर्धवट पुरलेल्या होत्या. त्यांतली ई-६१०. त्या रात्री तिच्यात सुमारे ४२ टन द्रव होता. तो शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचा असा नियम. त्यासाठीचं शीतयंत्र जून १९८४ मध्ये बंद करण्यात आलं. द्रव मग पंधरा-वीस अंशांवर राहू लागला. तापमान वाढल्याची सूचना देणारी यंत्रणा अकरा अंशांवर लावलेली होती, म्हणजे ती आता असून नसल्यासारखी झाली. पुढच्या इतक्या घटनांपेक्षा मला ही बारीकशी गोष्ट जास्त छळते. एक यंत्र पैसे वाचवायला बंद केलं आणि त्याच्याबरोबर इशारा देणारं दुसरं यंत्रही आपोआप निकामी झालं.

ऑक्टोबरच्या शेवटी ई-६१० मध्ये नायट्रोजनचा दाब टिकेनासा झाला. या द्रवाच्या विभागातल्या एका पाळीची माणसं बारावरून सहावर आली होती, आणि रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागा नोव्हेंबरच्या अखेरीस काढून टाकण्यात आली होती.

आणि कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. कारखान्यातल्या फॉस्जिन या विषारी वायूने डिसेंबर १९८१ मध्ये एका कामगाराचा जीव घेतला होता. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे असं लिहिलं, आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. शहराच्या वतीने एक माणूस वास घेत फिरत होता. त्याचं कोणी ऐकलं नाही.

रविवार, २ डिसेंबर १९८४, रात्री साडेनऊ

तुंबलेले पाइप पाण्याने धुण्याचं काम सुरू आहे. धुताना पाणी भलतीकडे जाऊ नये म्हणून पाइपच्या सांध्यात धातूची एक चकती सरकवायची असते. ती सरकवलेली नाही. हे काम देखभाल विभागाचं, आणि त्या विभागाचा पर्यवेक्षक रात्री उरलेलाच नाही. पाणी टाकीत नेमकं कोणत्या वाटेने शिरलं यावर पुढे मोठा वाद झाला. कंपनीने घातपाताचा दावा केला. पाणी शिरलं यावर मात्र कोणाचं दुमत नाही. पाणी आणि हा द्रव एकत्र आले की उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने क्रिया आणखी वेगाने चालते. ती क्रिया आता सुरू झाली आहे, आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

दहा वाजून वीस मिनिटं

टाकीतला दाब चौरस इंचाला २ पौंड. नेहमीसारखा.

पावणेअकरा ते अकरा

पाळी बदलते. नवीन माणूस नियंत्रण कक्षात काट्याकडे पाहतो. १० पौंड. दोनपासून पंचवीसपर्यंतचा दाब इथे चालण्यासारखा मानला जातो, त्यामुळे दहा हा आकडा कोणाला खटकत नाही. चाळीस मिनिटांपूर्वी तो दोन होता, हे त्याच्या लक्षात यावं अशी व्यवस्थाच नाही. शिवाय इथले काटे नेहमीच चुकीचं दाखवतात असा कामगारांचा अनुभव. काटा चढला तरी पहिला संशय काट्यावरच जातो.

घरच्या डिटेक्टरचंही हेच होतं. हिरवा दिवा जळतो आहे म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. तो दिवा फक्त वीज येते आहे एवढंच सांगतो. आतला संवेदक जुना होतो, साधारण पाच वर्षांत बदलावा लागतो. नेमकी मुदत खोक्यावर किंवा यंत्राच्या पाठीवर छापलेली असते. घेतानाच ती पाहून घ्यावी. दुकानात वर्षभर धूळ खात पडलेल्या खोक्याचं तेवढं आयुष्य कमी झालेलं असतं. मी घेतलेल्याच्या पाठीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली आहे. दर महिन्याला चाचणीचं बटणही दाबायचं. लायटरचा गॅस यंत्राच्या तोंडावर सोडून परीक्षा घेणारे पाहिले आहेत. तसं करू नये. एवढ्या दाट गॅसच्या झोताने संवेदक बिघडू शकतो.

साडेअकरा

कामगारांचे डोळे चुरचुरू लागतात. पाणी येतं. कोणीतरी शोधायला जातं आणि वर एका पाइपमधून द्रव ठिबकताना, वाफ येताना दिसते. पर्यवेक्षकाला सांगितलं जातं.

इथे थांबायला हवं, कारण वायू कळला तो या क्षणी. त्याची पूर्वसूचना देणारं विश्वासाचं यंत्र त्या विभागात नव्हतं. गळती झाली आहे हे ओळखायची रूढ खूण म्हणजे डोळ्यांत येणारं पाणी. या विषाची कामाच्या जागी चालेल अशी मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत दोन भाग इतकी कमी होती. डोळे चुरचुरायला त्याच्या कितीतरी पट जास्त लागतं. म्हणजे माणसाचं शरीर हे यंत्र म्हणून वापरलं तर ते वाजतं तेव्हा आधीच फार उशीर झालेला असतो.

आपल्या गॅसला मुळात वास नाही. त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, कुजक्या कोबीसारखा वास येतो तो त्याचा. ही सक्ती कुठून आली तेही रक्ताने लिहिलेलं आहे. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेच्या इमारतीखालच्या पोकळीत वासहीन नैसर्गिक वायू साठला, दुपारी तीनच्या सुमारास ठिणगी पडली आणि तीनशेच्या जवळपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासने वायूत वास मिसळणं बंधनकारक केलं. तेव्हापासून आपण नाकावर विसंबून आहोत. आणि नाक दमतं. त्याच खोलीत वीस मिनिटं बसलं की वास येईनासा होतो. सर्दीत येत नाही, म्हातारपणी येत नाही, झोपेत तर माणूस वासाने बहुधा उठतच नाही. माझ्या घरात त्या रात्री दोन नाकं होती आणि दोन्ही निरुपयोगी होती. तिसरं जिन्यातून आलं म्हणून निभावलं.

म्हणून यंत्र. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली टिन ऑक्साइडचा संवेदक शोधून काढला. आज घरगुती डिटेक्टरमध्ये बहुतेक त्याचाच वारसा असतो. टिन ऑक्साइडचा छोटासा तुकडा विजेने तापवून ठेवतात. त्याच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटून बसतो आणि विजेचा प्रवाह अडवतो. गॅस आला की तो हा ऑक्सिजन खाऊन टाकतो, प्रवाह मोकळा होतो आणि भोंगा वाजतो. तुकडा सतत तापता ठेवावा लागतो, म्हणून बरीचशी यंत्रं भिंतीतल्या विजेवर चालतात. आमच्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही, तेव्हा मी ते इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडून घेतलं. खोक्यावर ईएन ५०१९४ हा क्रमांक असेल तर ते घरगुती ज्वलनशील वायूसाठीच्या युरोपीय मानकाप्रमाणे तपासलेलं असतं.

एक चूक इथे फार होते. हे यंत्र कार्बन मोनॉक्साइडसाठी नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझर, किंवा थंडीत खोलीत घेऊन झोपलेली कोळशाची सिगडी माणूस मारते ती या दुसऱ्या, वास नसलेल्या वायूने. त्याला वेगळं यंत्र लागतं, त्याचा क्रमांक ईएन ५०२९१. आमच्या भागात दर हिवाळ्यात सिगडी पेटते. यंत्र असो वा नसो, झोपायच्या खोलीत ती नेऊच नये.

सव्वाबारा

गळतीचं काय करायचं ते चहानंतर बघू, असं ठरलेलं असतं. चहा होतो.

या चहाबद्दल त्या कामगारांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. लहानसहान गळत्या तिथे रोजच्या होत्या. रोजच्या धोक्यावर माणूस रोज धावत नाही. शेगडीजवळ थोडा वास येतो, नळी जुनी झाली आहे, पुढचं सिलिंडर आलं की पोऱ्याला दाखवू, असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हटलं आहे.

बारा चाळीस

काटा ३० वर आहे. मग ५५ वर. त्यापुढे काट्याला जागाच नाही. एक कामगार टाकीकडे धावतो. जमीन थरथरते आहे, टाकीवरचं काँक्रीट तडकतं आहे, आतून घुमल्यासारखा आवाज येतो आहे.

पाऊण

सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो. वायू तेहतीस मीटर उंचीच्या नळीतून बाहेर पडू लागतो. तो धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर थांबवून ठेवलेला. जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर बंद, कारण गंजलेला पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे सोडले, ते एवढ्या उंचीवर पोचत नव्हते. सुमारे चाळीस टन वायू बाहेर गेला.

थंडीची रात्र, मंद वारा वायव्येकडून. हा वायू हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. तो वर विरून गेला नाही, जमिनीलगत सरकत दक्षिणेकडे, आग्नेयेकडे गेला: जयप्रकाश नगर, छोला, काजी कॅम्प, चांदबड, रेल्वे स्टेशन. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली माणसं आणि कमी उंचीची मुलं त्याला आधी सापडली.

आपला एलपीजीसुद्धा हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखाली, फ्रिजमागे, उंबऱ्यापर्यंत पसरतो. म्हणून एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर, फार तर तीस सेंटिमीटर उंचीवर लावायचा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, त्याचा डिटेक्टर छताखाली तेवढ्याच अंतरावर. दुकानदाराने मला छताजवळ लावा असं सांगितलं होतं, धुराच्या यंत्रासारखं. तसं लावलं असतं तर आई गॅसमध्ये उभी असती आणि यंत्र वरच्या स्वच्छ हवेत गप्प बसलं असतं. शेगडीपासून चार मीटरच्या आत हवा, पण अगदी खाली चिकटून नको, कारण फोडणीच्या वाफेने ते उगीच वाजतं. कपाटाच्या आत नको, खिडकीच्या झोतात नको.

किती गॅस पुरतो याचाही हिशेब करून पाहिला. आमचं स्वयंपाकघर दहा बाय दहा बाय दहा फुटांचं. हवेत शेकडा दोन भाग एलपीजी झाला की ती हवा पेटू शकते. एवढी पूर्ण खोली भरायला साधारण सव्वा किलो गॅस लागेल, १४.२ किलोच्या सिलिंडरमधला दहावा हिस्साही नाही. पण गॅस खालीच साचतो, म्हणून तळचा तृतीयांश भाग भरायला चारशे ग्रॅमच पुरे. विझलेला बर्नर ते काम तीनेक तासांत करेल, फाटलेली नळी त्याहून फार लवकर. आणि तिथेच, जमिनीलगत, फ्रिजच्या मागे, कोणी हात न लावता ठिणगी टाकणारं बटण असतं. चांगला डिटेक्टर या दोन टक्क्यांच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्यालाच वाजतो. तेवढाच वेळ आपल्याला मिळतो.

एकच्या सुमारास

कारखान्याचा मोठा भोंगा वाजतो आणि काही मिनिटांत बंद केला जातो. आतल्या कामगारांसाठीचा हलका भोंगा चालू राहतो. आतली माणसं वाऱ्याची दिशा पाहून उलट बाजूला पळतात. भिंतीपलीकडच्यांना काहीच सांगितलं जात नाही. ती खोकत उठतात आणि वारा जातो तिकडेच, वायूबरोबर, पळत सुटतात. ओलं फडकं नाकातोंडावर धरा, एवढं वाक्य लाउडस्पीकरवरून गेलं असतं तर कितीतरी जीव वाचले असते.

स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांना धाप लागते आहे, डोळे जळत आहेत. फलाटावर गोरखपूरची गाडी माणसांनी भरून उभी आहे. तिला सुटायला अवकाश आहे. वरून हुकूम येईपर्यंत ते थांबत नाहीत. जबाबदारी स्वतःवर घेऊन गाडी वेळेआधी सोडतात. विदिशा आणि इटारसीकडे निरोप जातो, गाड्या भोपाळकडे पाठवू नका. विदिशाची बाजू म्हणजे आमच्या ग्वाल्हेरहून येणाऱ्या गाड्यांची वाट. त्या वायूने दस्तगीर यांचं आयुष्य पोखरलं. २००३ मध्ये ते गेले. त्या रात्रीच्या या सगळ्या हिशेबात, कळलं आणि त्याच क्षणी हात हलला, असं मी ठळकपणे त्यांच्याबद्दल म्हणू शकते.

दोन

साधारण याच सुमारास बाहेरचा भोंगा पुन्हा सुरू होतो. तोवर टाकी जवळजवळ रिकामी झाली आहे.

पहाट

हमिदिया रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टरांना कोणत्या विषावर इलाज करायचा हेही धड सांगितलं गेलेलं नाही. मध्य प्रदेश सरकारने वायूने झालेले ३,७८७ मृत्यू मान्य केले. भरपाईच्या दाव्यांत पुढे ५,२९५ मृत्यू मंजूर झाले, आणि पीडितांच्या संघटना यापेक्षा कितीतरी मोठा आकडा सांगतात. २००६ च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात इजा झालेल्यांची संख्या ५,५८,१२५ आहे.

ग्वाल्हेर, लष्कर, संध्याकाळी सात

इलेक्ट्रिशियन भैयाने ओट्याच्या पलीकडच्या भिंतीत खालच्या बाजूला सॉकेट काढून दिलं. फरशी पुसताना पाणी उडू नये म्हणून ते वीतभर वर घेतलं. म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर भोंग्याबरोबर गॅसही आपोआप तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असलेला संच मिळतो. भाभींच्या सासूबाईंसाठी मी तोच सुचवला. उदबत्ती, अत्तर, डासांचा फवारा यांनीही हे यंत्र वाजू शकतं, म्हणून देवघराकडचं दार मध्ये ठेवलं. ते उगीच वाजलं तर वैतागून प्लग काढायचा नाही, हे मी स्वतःला दोनदा बजावलं. भोपाळचा भोंगाही कोणीतरी बंद केला होता.

चाचणीचं बटण दाबलं. आई म्हणाली, "कुकर झाला वाटतं."

मग आम्ही सराव करायला बसलो. भोंगा वाजला की दिवा लावायचा नाही आणि लागलेला बंदही करायचा नाही, पंखा नाही, डिटेक्टरचा प्लगसुद्धा काढायचा नाही. आधी रेग्युलेटर, मग खिडकी-दार, मग अंगणात, आणि फोन बाहेरून: १९०६. तो नंबर मी मोठ्या अक्षरात अंगणाच्या दाराला चिकटवला. भाभी वर जिन्यात उभ्या राहून पाहत होत्या.

दिवा आधीच बंद ठेवला होता, खरंच अंधारात जमतं का ते बघायला. मी बटण दाबलं. आई भिंत चाचपत ओट्यापर्यंत गेली आणि वाकली. रेग्युलेटरची कळ तिच्या बोटांना घट्ट लागत होती. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दोन्ही हात लावले तेव्हा ती फिरली, टक्क आवाज आला.

"झालं," ती म्हणाली. "आता दिवा लावू?"

"आई, आधी खिडकी."